पेठेतली जुनी दुकान-इमारत पाडायची की राखायची? बेळगावकरांसाठी पायरी-पायरीने तपासणी

गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्ली या पट्ट्यात ज्याचं वडिलोपार्जित दुकान आहे, त्याला पुण्याचा एखादा पाहुणा लग्नात हमखास गाठतो. पंगतीत बसल्या बसल्याच तो सांगून टाकतो, "एवढी मोक्याची जागा! पाडा आणि पाच मजले उठवा." मग मोबाइलवर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम चालतं), टीडीआर (हस्तांतर करता येणारे विकास हक्क), पागडी (भाडेकरूने सुरुवातीला दिलेली एकरकमी रक्कम), क्लस्टर (अनेक प्लॉट जोडून विकास) असं सगळं गणित मांडलं जातं. ते गणित पुण्यात बरोबर असेलही, पण राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की ते लागू होत नाही. महाराष्ट्राचा भाडेनियंत्रण कायदा किंवा तिथली एकत्रित विकास नियमावली इथे चालत नाही. आपल्याकडे नगररचना १९६१ च्या कर्नाटक कायद्याने चालते, भाडं १९९९ च्या कर्नाटक कायद्याने. शब्दही वेगळा आहे. इथे पालिकेत एफएसआय विचारलात तर समोरचा एफएआर म्हणून उत्तर देईल.

दुसरी चूक क्रमाची. लोक आधी बिल्डरला भेटतात, मग आर्किटेक्टकडून रंगीत चित्र काढून घेतात, मग वकील गाठतात आणि भाडेकरूशी सर्वात शेवटी बोलतात. खाली दिलेला क्रम नेमका उलटा आहे. कोणत्याही टप्प्यावर "पाडणं जमेल का?" याचं उत्तर "नाही" आलं तर तिथेच थांबा. पुढच्या टप्प्याचा खर्च वाचेल.

टप्पा १ : जागा नक्की कोणाच्या हद्दीत?

प्रश्न भाबडा वाटेल, पण याच्यावर सगळं अवलंबून आहे. जागा महापालिकेच्या हद्दीत असेल तर परवाना महापालिकेचा, आणि जमिनीचा वापर बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) बृहत् आराखड्याप्रमाणे. बुडाकडून झोनिंग सर्टिफिकेट लेखी घ्या. गल्लीत सगळी दुकानं आहेत म्हणजे आराखड्यात तो भाग व्यापारीच असेल, असं गृहीत धरू नका.

कॅम्पातली जागा असेल तर हा लेख अर्धाच उपयोगाचा. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, २००६ चा छावणी कायदा आहे, आणि नोंद 'जीएलआर'मध्ये (छावणीच्या जमीन रजिस्टरमध्ये) असते. बऱ्याच ठिकाणी बांधकाम आपलं आणि जमीन संरक्षण खात्याची, असा प्रकार आहे. नागरी भाग महापालिकेकडे जाणार या बातमीवर विसंबून हिशोब मांडू नका. आज जीएलआरमध्ये काय लिहिलंय, तेवढंच खरं.

किल्ल्याच्या बाजूला जागा असेल तर कमल बस्तीसारख्या संरक्षित स्मारकापासूनचं अंतर मोजून घ्या. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. रेल्वेची किंवा लष्कराची भिंत जवळ असेल तर त्यांचा ना-हरकत दाखलाही यादीत टाका.

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारी घेऊन बसलेल्यांनी आणि खानापूरच्या बाजारपेठेतल्यांनी 'महापालिका' या शब्दाच्या जागी आपली नगरपालिका किंवा पट्टण पंचायत वाचावी. बाकी क्रम तोच.

टप्पा २ : कागद

चार गोष्टी गोळा करा : सिटी सर्वे ऑफिसचा सीटीएस उतारा (प्रॉपर्टी कार्ड) आणि नकाशा, महापालिकेचा ई-खाता, सब-रजिस्ट्रारकडची ईसी (जागेवरचे नोंदवलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला), आणि मूळ खरेदीपत्र किंवा वाटणीपत्र. ई-खात्याशिवाय आता नोंदणीच पुढे सरकत नाही, म्हणून लोक सगळा जीव त्यातच अडकवतात. पण खाता म्हणजे मालकी नव्हे. घरपट्टी कोण भरतो याची ती नोंद. मालकी खरेदीपत्रातून आणि वारसातून येते.

ईसीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घोळ इथेच होतो. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ईसी मिळते ती १ एप्रिल २००४ पासूनची. त्याआधीची हवी असेल तर ऑफिसात अर्ज करून जुनी पुस्तकं शोधायला लावावी लागतात. फॉर्म १५ आला तर त्यात व्यवहार आहेत आणि फॉर्म १६ आला तर नोंद सापडली नाही. आता इथेच लोक फसतात. फॉर्म १६ बघून "जागा निर्मळ आहे" म्हणून मोकळे होतात. पण शोध चुकीच्या नंबराने घेतला तरीसुद्धा फॉर्म १६च येतो! सीटीएस नंबर, जुना पालिका घर नंबर आणि आजोबांच्या नावाची स्पेलिंगं अशा तिन्ही वाटांनी शोध घ्या. शिवाय गावातल्या एखाद्या क्रेडिट सोसायटीकडे वीस वर्षांपूर्वी नुसते कागद ठेवून काढलेलं कर्ज ईसीत दिसेलच असं नाही. मूळ खरेदीपत्र घरात सापडत नसेल, तर ते कुठे आहे हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

आपल्या भागाची आणखी एक अडचण. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, म्हणून जुने दस्त मराठीत आहेत. त्याहून जुने मोडीत. नंतरचे कानडीत. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, त्यामुळे तिथल्या जागेचा सगळ्यात जुना कागद संस्थानी असू शकतो. म्हणजे एकाच दुकानाच्या फायलीत तीन लिप्या आणि तीन राजवटी. मोडी वाचणारा गाठा आणि पूर्ण लिप्यंतर करून घ्या. नुसता सारांश चालणार नाही, कारण "उत्तरेस सामाईक बोळ" हे तीन शब्दच पुढे लाखमोलाचे ठरतात. कानडी ईसीचंही तसंच. वाचता येत नाही म्हणून एजंट सांगेल ते खरं मानू नका.

वारसांची यादी करताना लग्न होऊन कोल्हापूर, सांगली, गोव्याला गेलेल्या बहिणी आणि आत्या पहिल्यांदा लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर मुलीचा सहदायाद म्हणून जन्मसिद्ध हक्क स्पष्ट झाला आहे, आणि २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते हा मुद्दा उरलेला नाही. "ताईचं काही म्हणणं नाही" हे वाक्य हक्कसोडपत्राची जागा घेत नाही. ते नोंदवलेलंच लागतं.

तपासा : चारही कागदांवर क्षेत्रफळ एकच आहे का? जुन्या नोंदी चौरस वारात असतात. १ चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट, म्हणजेच ०.८३६ चौरस मीटर. फरक आला तर आधी सिटी सर्वेकडून हद्द मोजणी.

टप्पा ३ : आत कोण बसलंय?

पेठेतल्या इमारतीची खरी किंमत इथे ठरते. एकेका गाळ्याचा तक्ता करा : भाडेकरूचं नाव, केव्हापासून, भाडं, डिपॉझिट किंवा पागडीची जुनी चिठ्ठी, शेवटची पावती, पोटभाडेकरू आहे का, आणि गाळ्याचं मोजलेलं क्षेत्र.

मोजलेलं म्हणजे टेपने मोजलेलं. कर्नाटकाच्या भाडे कायद्यात व्यापारी गाळ्यासाठी १४ चौरस मीटर जोत्याच्या क्षेत्राची रेषा आहे. साधारण १५० चौरस फूट. जागा त्याहून मोठी असेल तर भाडे कायद्याचं संरक्षण नाही, मग मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो आणि महिनेवारी भाडेकरूला कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांच्या नोटिशीने भाडेपट्टा संपवता येतो. गाळा १४ चौरस मीटरच्या आत असेल तर भाडे कायद्यातली कारणं न्यायालयात सिद्ध करावी लागतात. म्हणजे दहा बाय बाराचा घड्याळवाला मागच्या मोठ्या कापडवाल्यापेक्षा कायद्याने जास्त भक्कम बसलेला असू शकतो. आमच्याच भाऊबंदांपैकी एकाने मोजमाप न करता सगळ्यांना एकाच नमुन्याची नोटीस दिली. पुढचा पानवाला कायद्याच्या आत निघाला आणि सगळं प्रकरण नव्याने सुरू करावं लागलं. जोत्याचं क्षेत्र भिंतींसकट धरतात हेही विसरू नका. जुन्या दीड-दोन फुटी भिंतींनी गाळा रेषेच्या अलीकडचा पलीकडे जातो.

सावधान : नोटिशीची मुदत संपल्यावर पुढच्या महिन्याचं भाडं गल्ल्यात टाकून पावती दिलीत, तर नोटीस तुम्हीच मागे घेतली असा अर्थ काढता येतो. वकिलाला विचारल्याशिवाय पैसे घेऊ नका.

पागडीचं म्हणाल तर मुंबईत तिला कायद्याने जागा आहे. इथे भाडेकरू त्या आधारावर मालकीतला वाटा मागू शकत नाही, आणि तुम्हीही ती "रीतच आहे" म्हणून नव्या माणसाकडून मागू नका. पण वडिलांनी १९७८ मध्ये घेतलेले पैसे नैतिक देणं म्हणून टेबलावर येणारच. त्याची तयारी ठेवा.

बोलणी शक्यतो कोर्टाआधी करा. तीन पर्याय मांडा : रोख रक्कम, नव्या इमारतीत गाळा, किंवा दुरुस्तीच्या काळात दुसरीकडे तात्पुरती सोय. नव्या इमारतीत गाळा द्यायचा असेल तर कोणत्या मजल्यावर, किती क्षेत्र, कोणत्या भाड्याने आणि काम लांबलं तर काय, हे सगळं नोंदवलेल्या करारात लिहा. तोंडी शब्दावर दुकान रिकामं करणारा व्यापारी रविवार पेठेत अजून तरी मला भेटलेला नाही.

टप्पा ४ : रस्ता

टेप घेऊन सकाळी सातला जा. नऊनंतर गल्लीत टेप सरळ धरता येत नाही. तुमच्या दारासमोर आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांशी, अशी तीन ठिकाणी रुंदी घ्या. मग महापालिकेच्या नगररचना विभागात आणि बुडात विचारा : आराखड्यात या रस्त्याची प्रस्तावित रुंदी किती? एफएआर आणि उंची रस्त्याच्या रुंदीवर ठरते. तेव्हा सध्याची रुंदी धरणार की प्रस्तावित, हे लेखी घ्या.

रुंदीकरणाची रेषा तुमच्या दुकानातून जात असेल, तर ती जागा नव्या नकाशात सोडावीच लागते. त्या बदल्यात विकास हक्क (टीडीआर) मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण तो कागद बाजारात विकला जाईपर्यंत त्याची किंमत हिशोबात शून्य धरा.

टप्पा ५ : इमारतीची तब्येत

हा टप्पा दोनदा करा, उन्हाळ्यात एकदा आणि जुलैत एकदा. मे महिन्यात ठणठणीत दिसणारी भिंत आषाढात गुडघाभर ओल धरते. शहापूर भागात आणि बळ्ळारी नाल्याच्या बाजूला ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. ते बोटाने दाखवतील.

बघायच्या जागा :

- दगड-मातीची भिंत मध्ये फुगली आहे का? ओळंबा सोडून बघा. आतली भर सरकली की भिंतीचे दोन पदर सुटतात, आणि गिलावा करून ते झाकतात.
- तुळयांची टोकं. मधला सागवान शंभर वर्षं टिकतो, पण भिंतीत गेलेलं टोक ओलीने आणि वाळवीने भुसा होतं. दाभण टोचून बघा.
- माडीवर नंतर टाकलेला स्लॅब. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा स्लॅब असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढचा निर्णय नाही.
- मागच्या चौकातला किंवा परड्यातला आड. बुजवलेला असला तरी नकाशात दाखवा. नवा पाया नेमका त्यावर आला तर खर्च बदलतो.
- सामाईक भिंत. शेजाऱ्याच्या तुळया तुमच्या भिंतीत असतील तर पाडताना त्याचं घर टेकू लावून धरावं लागेल. कामाआधी दोघांच्या समक्ष फोटो आणि सही केलेला पंचनामा करा, जुन्या भेगांसकट.

पाया किती खोल जाणार हे चाचणी खड्डा खणल्याशिवाय कोणी सांगू नये. या गावात एका गल्लीत तांबडी माती लागते आणि दुसऱ्या गल्लीत काळी.

टप्पा ६ : कागदावरचे मजले आणि हातात येणारी जागा

आता खरं गणित. खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या जागेचे आकडे झोनिंगच्या नियमांतून आणि बाजारातून काढा.

समजा जागा २० फूट बाय ९० फूट, म्हणजे १,८०० चौरस फूट. जुनी इमारत भिंतीला भिंत लागून, तळमजल्यावर वापरायची जागा १,५००. रुंदीकरणात ५ फूट गेले, राहिले १,७००. पुढे-मागे मोकळी जागा सोडून जोतं २० बाय ७४, म्हणजे १,४८०. जिना, लिफ्ट, मीटरची खोली यात २३० गेले. पार्किंगला ७०० गेले. तळमजल्यावर दुकानाला राहिले ५५०.

पुन्हा वाचा. १,५०० चे ५५० झाले, आणि तेही सोन्याच्या मजल्यावर.

एफएआर १.७५ धरला तर २,९७५ चौरस फूट मिळतात. तळमजल्याचे पार्किंग सोडून ७८०, पहिल्या मजल्याचे १,४८०, उरलेले ७१५ दुसऱ्यावर. प्रत्येक मजल्यावर जिना-लिफ्टचे २३० वजा केले की हातात पहिल्या मजल्यावर १,२५० आणि दुसऱ्यावर ४८५.

भाडं : जुनी इमारत रिकामी असती तर पुढचे ७५० फूट ८० रुपयांनी आणि मागचे ७५० फूट ४० रुपयांनी, एकूण महिना ९०,०००. नवी इमारत : तळ ५५० फूट ९० रुपयांनी ४९,५००, पहिला १,२५० फूट ३५ रुपयांनी ४३,७५०, दुसरा ४८५ फूट २५ रुपयांनी १२,१२५. एकूण १,०५,३७५. वाढ महिन्याला १५,३७५, म्हणजे वर्षाला १ लाख ८४ हजार ५००.

खर्च : पार्किंग धरून ३,६७५ चौरस फूट, २,२०० च्या दराने ८० लाख ८५ हजार. त्यावर वाढीव उत्पन्न साधारण २.३ टक्के. बँकेत ठेवलेल्या पैशाला याहून जास्त व्याज मिळतं, आणि यात भाडेकरूंना द्यायची रक्कम किंवा दीड-दोन वर्षं बंद राहिलेलं भाडं अजून धरलेलंच नाही.

सर्वात मोठी चूक : लोक आजच्या प्रत्यक्ष भाड्याची (जुने भाडेकरू, महिना आठशे रुपये) तुलना नव्या इमारतीच्या भाड्याशी करतात आणि फरक बघून डोळे दिपतात. तो फरक इमारतीमुळे नसतो, भाडेकरू निघाल्यामुळे असतो. तुलना करायची ती "जुनी पण रिकामी आणि दुरुस्त" विरुद्ध "नवी" अशी. अरुंद गल्लीतल्या अरुंद जागेत बहुतेक वेळा उत्तर "पाडू नका, छप्पर आणि तुळया बदला, वायरिंग नवं करा" असंच येतं.

गणित केव्हा बदलतं? शेजारचा प्लॉट जोडून रुंदी चाळीस फुटांवर गेली, रस्ता रुंद असला, किंवा कोपऱ्याची जागा असली तर. म्हणून टप्पा ६ नंतर पहिला फोन बिल्डरला करण्याआधी शेजाऱ्याला करून बघा.

टप्पा ७ : वरच्या मजल्याला गिऱ्हाईक आहे का?

खडेबाजारातली गर्दी मोजायची तर लग्नसराईत किंवा गणपतीच्या आदल्या आठवड्यात मोजू नका. तेव्हा चंदगड, खानापूर, गोव्याची माणसं असतात आणि सगळ्याच गल्ल्या भरलेल्या दिसतात. पावसाळ्यातल्या साध्या बुधवारी दुपारी बघा. मग आसपासच्या नव्या संकुलांत जिन्याने वर जा आणि बंद शटरं मोजा. डॉक्टर, ट्यूशन, शिंपी, सराफाचा कारागीर हे वर येतात. किरकोळ दुकानदार येत नाही. भाड्याचा आकडा एजंटकडून न घेता तिथे बसलेल्या दुकानदाराकडून घ्या.

सरकारी मार्गसूची दर म्हणजे बाजारभाव नव्हे. मुद्रांक शुल्कासाठी तो लागतो. आणि नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाली आहे, जुन्या हिशोबात ती दुरुस्त करा.

टप्पा ८ : बिल्डरशी बोलणी

एवढं करून "पाडणं परवडतं" असं उत्तर आलं, तरच इथे या. संयुक्त विकास करार (जमीन तुमची, बांधकाम बिल्डरचं, मग गाळ्यांची वाटणी) नोंदवलेला असावा. जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असेल किंवा युनिट आठपेक्षा जास्त असतील तर रेरा (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) नोंदणीची विचारणा करा.

"फिफ्टी-फिफ्टी" ऐकून हरखू नका, कोणते पन्नास हे विचारा. वरच्या उदाहरणात क्षेत्राने निम्मी जागा तुम्हाला आणि निम्मी बिल्डरला असं लिहून, तळमजला त्याने आणि दुसरा मजला तुम्ही घेतलात तर भाड्यात निम्मं येत नाही. वाटणी मजल्यावार, गाळ्याच्या नंबरासह, नकाशावर दोघांच्या सह्या घेऊन करा.

मुखत्यारपत्र देताना विक्रीचा अधिकार फक्त बिल्डरच्या वाट्याच्या गाळ्यांपुरता ठेवा, आणि तोही तुमचे गाळे ताब्यात मिळाल्यानंतर सुरू होईल असं लिहा. भाडेकरूंना रिकामं करण्याची जबाबदारी कोणाची आणि तोवर मुदत मोजायला सुरुवात होणार की नाही, हे कलम बहुतेक मसुद्यांत मोघम ठेवलेलं असतं. सही करण्याआधी तेवढं कलम वकिलाकडून मराठीत मोठ्याने वाचून घ्या, आणि घरातल्या सगळ्या सह्या करणाऱ्यांना, ताईसकट, त्या वेळी समोर बसवा.